‘वास आला तर बघू’ एवढ्या भरवशावर ट्रेलर काढू नका

प्रिय ताई,

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडून २०१९ चा वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं छोटं घर, घेतला. यंदा जुलैत सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. त्यांना घेऊन मिशिगनला, स्लीपिंग बेअर ड्यून्सला जायचं ठरलंय. डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर जागाही मिळाली आहे.

गेल्या महिन्यात असाच ट्रेलर असलेल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं की या मॉडेलचा प्रोपेन गळतीसाठी रिकॉल निघालाय, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी कंपनीने ट्रेलर परत बोलावलेत. आम्हाला पत्र आलंच नव्हतं. शोधलं तर खरंच निघालं. स्टोव्हच्या मागचा जोड सैल होऊन गॅस गळू शकतो, दुरुस्ती होईपर्यंत गॅस वापरू नका, असं लिहिलंय. जवळच्या डीलरला फोन केला, तर तो म्हणतो, तुम्ही ट्रेलर आमच्याकडून घेतलेला नाही, सप्टेंबरात बघू.

नवऱ्याचं म्हणणं, दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही, वास आला तर बघू. सासरे फोनवर म्हणाले, मी आलो की वायसर बदलून देतो, जन्मभर तेच केलंय. पण मागच्या वर्षी माझी आई आली होती, तेव्हा ती ट्रेलरमध्ये दोनदा म्हणाली होती, ‘इथे गॅसचा वास येतोय गं.’ आम्ही ‘सिलिंडर संपत आलाय, म्हणून येत असेल’ म्हणून सोडून दिलं. आता ते आठवून रात्री झोप लागत नाही. ट्रिप रद्द करू का? घरात मीच घाबरट ठरतेय.

— कोलंबसहून एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

ट्रिप रद्द करायची गरज नाही, गॅस रद्द करायचा. आज, हे वाचून झाल्यावर, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचे दोन्ही सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरवून घट्ट बंद करा. दुरुस्ती झाल्याचा कागद हातात येईपर्यंत ते उघडायचे नाहीत. चहापुरते नाहीत, की पाहुण्यांना अंघोळीला गरम पाणी हवं म्हणूनही नाहीत.

आणि तुम्ही घाबरट नाही. कंपनीने स्वतःच लिहून दिलंय की गॅस वापरू नका. एवढं स्पष्ट वाक्य कुठलीही कंपनी हौसेने लिहीत नाही.

आधी तुमच्या आईबद्दल, कारण पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. सिलिंडर संपत आला की हा वास जास्त जाणवतो, हे खरं आहे. पण तो जाणवायला गॅस बाहेर यावा लागतो. सगळे बर्नर बंद असताना आत वास येत असेल तर गॅस कुठून तरी बाहेर पडतोय, मग सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला. तुमची आई बाहेरून आत आली म्हणून तिला वास आला. तुम्ही आतच होतात. माणसाचं नाक एका वासाला थोड्याच वेळात सरावतं आणि मग तो वास जाणवेनासा होतो. त्यात वय वाढलं की वास ओळखण्याची ताकद कमी होते, सर्दी असेल तर काही काळ जातेच. म्हणजे ‘वास आला तर बघू’ म्हणताना तुमच्या यजमानांनी सगळा भरवसा एका अशा पहारेकऱ्यावर टाकलाय, जो आत बसला की डुलक्या घेतो. झोपेत तर गॅसच्या वासाने जाग येईलच असं मुळीच नाही.

‘दोन वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. घर एका जागी उभं असतं. ट्रेलर महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने धावतो, प्रत्येक खड्डा, प्रत्येक पूल त्यातल्या पाइपांना आणि जोडांना हादरा देतो. आज घट्ट असलेला जोड पुढच्या प्रवासानंतर तसाच असेल याची खात्री कुणी द्यायची? रिकॉलचा अर्थ असा की त्या खेपेच्या ट्रेलरांमध्ये तो जोड सुरुवातीपासूनच भरवशाचा नाही. दोन वर्षं काही झालं नाही, याने एवढंच कळतं की दोन वर्षं काही झालं नाही. आणि तुमच्या बाबतीत तेही धड खरं नाही, वास आलेला आहे.

आता तो गॅस आत जमतो कसा. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो, त्यामुळे तो वर जाऊन छताच्या झडपेतून निघून जात नाही. तो खाली उतरतो, पलंगाखालच्या कप्प्यात, ओट्याखाली, बाकांच्या पोटात साचतो. द्रवरूपातला प्रोपेन वायू झाला की सुमारे २७० पट जागा व्यापतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. ट्रेलरसारख्या छोट्या, बंद जागेत दोन टक्के व्हायला फार गॅस लागत नाही. आणि ठिणग्यांना तोटा नाही. पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो, फ्रिज स्वतःहून पेटायचा प्रयत्न करतो, फर्नेस, म्हणजे आतली हवा गरम करणारा हीटर, थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत असतो. यातलं काहीही तुम्ही बटण दाबल्यावर होत नाही, तुम्ही झोपलेल्या असताना होतं.

जमिनीलगत भिंतीत एक छोटा गॅस डिटेक्टर असेल. त्याच्या मागची किंवा कडेची तारीख बघा. हे डिटेक्टर साधारण पाच ते सात वर्षांत निकामी धरतात. तुमचा ट्रेलर २०१९ चा, म्हणजे डिटेक्टर मूळचाच असेल तर तो बदलायची वेळ झालेली आहे. लगेच नवा बसवा, दुरुस्तीची वाट न बघता. पण नवा डिटेक्टर बसवला म्हणजे आता गॅस वापरायला हरकत नाही, असा हिशेब कुणाला करू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वेगळा असतो, काहींत दोन्ही एकत्र असतात. तोही तपासा.

सासऱ्यांचं मन मोडायचं नाही हे मला कळतं. साताऱ्यात त्यांनी जे केलं ते बरोबरच होतं. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तोंडात रबराची गोल वायसर असते. ती कडक झाली की गॅस गळतो, बदलली की थांबतो. ट्रेलरमध्ये स्टोव्हकडे जाणाऱ्या नळीच्या जोडात बहुधा अशी वायसर नसतेच. तिथे तांब्याच्या नळीचं तोंड फुलासारखं पसरवून पितळी नटाने धातूवर धातू दाबलेला असतो. जास्त आवळलं तर ते तोंड चिरतं. वरून पांढरी टेप गुंडाळली तरी उपयोग नाही, कारण तिथे सील धातूच करतो आणि टेप नुसती अडचण होते. आणि रिकॉलमध्ये नुसतं आवळणं नसून एखादा भागच बदलायचा असू शकतो. तो भाग कंपनीकडूनच येणार.

बाबांना हे असंच सांगा, ‘तुम्हाला जमणार नाही’ असं नाही. त्यांना एक गोष्ट आवडेल. आपल्या घरातल्या शेगडीला रेग्युलेटरमधून जेवढ्या दाबाने गॅस मिळतो, जवळपास तेवढ्याच दाबाने इथल्या ट्रेलरमध्येही मिळतो. इथले लोक तो पाण्याच्या ११ इंच उंचीत मोजतात. मग म्हणावं, ‘बाबा, दुरुस्तीच्या दिवशी तुम्ही इथे असलात तर माझ्याबरोबर चला. ते दाब कसा तपासतात ते तुम्हीच नीट बघाल.’ ज्याने आयुष्यभर घरच्या गॅसची काळजी घेतली, त्याला काळजीतून बाहेर काढू नका. त्याला दुरुस्तीच्या बाजूला घ्या.

आता जायचं कसं. डी. एच. डे सुंदर आहे, लेक मिशिगन अगदी हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथे विजेची सोय नाही आणि जनरेटर चालत नाही. गॅसशिवाय तिथे ज्येष्ठ माणसांना घेऊन राहणं म्हणजे त्यांचे हाल. ती जागा सोडा. त्याच राष्ट्रीय किनाऱ्यावरच्या प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडमध्ये वीज असलेल्या जागा आहेत. मिशिगनच्या स्टेट पार्कांमधल्या मॉडर्न कॅम्पग्राउंडमध्येही वीज असते. इंटरलॉकन स्टेट पार्क तिथून फार लांब नाही. जुलै आहे, जागा पटापट जातात, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका. रोज एकदा बघत राहिलं तर रद्द झालेल्या जागा मिळतात.

निघण्यापूर्वी सिलिंडर नुसते बंद करून ठेवू नका, काढूनच ठेवा. सोडलेल्या नळ्यांची तोंडं टोपणाने बंद करा. सिलिंडर घराबाहेर, उभे, सावलीत ठेवा. गॅरेजमध्ये नाही, तळघरात तर नाहीच. बंद सिलिंडर कुणीही ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून उघडतो. नसलेला सिलिंडर उघडता येत नाही.

ट्रेलरमधला फ्रिज बहुतेक विजेवर आणि गॅसवर दोन्ही चालणारा असेल. तो ऑटोवर ठेवू नका, विजेवरच ठेवा. ऑटोवर असला की वीज गेल्यावर तो गॅस शोधायला लागतो. वाटेत वीज नसते, तेव्हा त्याला आदल्या रात्री घरी गार करून ठेवा आणि दार उघडू नका. खूप प्रवासी गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवतात. धड असलेल्या ट्रेलरमध्येही मला ते पटत नाही, पेट्रोल पंपावर तर ज्योत बंदच असली पाहिजे. वॉटर हीटरचं विजेचं बटण वेगळं असतं. टाकीत पाणी पूर्ण भरल्याशिवाय ते दाबू नका, नाहीतर कॉइल जळेल. फर्नेस मात्र फक्त गॅसवर चालतो, म्हणून तो विसरा. उत्तर मिशिगनमध्ये जुलैतही रात्री गारवा असतो. जाड पांघरुणं घ्या, सासूबाई येताना गोधडी आणणार असतील तर नको म्हणू नका.

स्वयंपाकाला इंडक्शन घ्या. इथल्या १२० व्होल्टच्या, ३० अँपिअरच्या जोडणीत एकूण ३,६०० वॅट मिळतात. इंडक्शन त्यातले अर्धे घेऊ शकतं, एसी आणि वॉटर हीटर दोघेही साधारण दीड-दीड हजाराच्या घरात. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणार. तेव्हा आधी पाणी तापवा, मग ते बंद करून पोहे टाका. बाहेर शिजवायचं असेल तर छोट्या हिरव्या सिलिंडरवर चालणारी सुटी कॅम्पिंग शेगडी मिळते, ती चालेल, पण मोकळ्या हवेत, ट्रेलरच्या आत नाही आणि बाजूंनी बंद केलेल्या मांडवात नाही. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला शेगडी जोडायचं एक तोंड असतं, त्याचा मोह टाळा. ते त्याच आतल्या पाइपांवर आहे.

आता डीलरबद्दल. त्याचं उत्तर चुकीचं आहे. रिकॉल वाहनाचा असतो, मालकाचा नाही. पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत दुरुस्ती फुकट, मग ट्रेलर कितीही हात फिरून आलेला असो. तुमचा २०१९ चा आहे, प्रश्नच नाही. पत्र आलं नाही याचं कारण बहुधा एवढंच की कंपनीकडे आधीच्या मालकाचा पत्ता आहे. त्या गृहस्थांवर लगेच रागावू नका, विकताना रिकॉल निघालेलाही नसेल. वापरलेला ट्रेलर खाजगी विकताना रिकॉल आधी दुरुस्त केलाच पाहिजे असा केंद्रीय कायदा इथे नाही. मला हे अजिबात योग्य वाटत नाही, पण सध्या ती जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

डीलरशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन करा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात बाहेरून एक पट्टी चिकटवलेली असते. त्यावरचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, आणि रिकॉलचा क्रमांक जवळ ठेवा. तीन गोष्टी सांगा. मालक बदललाय, नवा पत्ता हा. गॅसचा वास प्रत्यक्ष आलेला आहे. आणि आम्हाला दुसरा डीलर किंवा घरी येऊन दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ द्या. यातलं दुसरं वाक्य आवाज न चढवता, पण स्पष्ट सांगा, त्याने रांगेत तुमची जागा बदलू शकते. हेच सगळं त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. दुरुस्तीसाठी वाहन हजर केल्यावर ६० दिवसांत नीट दुरुस्ती झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही असं सकृद्दर्शनी धरलं जातं, आणि मग बदली वाहन किंवा घसारा वजा करून पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. म्हणून ट्रेलर कधी, कुठे हजर केला याची लेखी नोंद हवीच. सप्टेंबरची तारीख तोंडी ऐकून फोन ठेवू नका.

नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे वाहनांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे, तक्रारही नोंदवा, ती ऑनलाइन होते. तुमच्यासारख्या तक्रारींवरूनच पुष्कळ रिकॉल निघतात. त्यांच्याकडे व्हीआयएन टाकून रिकॉल शोधता येतो, पण छोट्या उत्पादकांची वाहनं त्या शोधात नेहमी सापडत नाहीत. म्हणून कंपनी, मॉडेल आणि साल टाकूनही शोधा. आणि फक्त ट्रेलरच्या कंपनीचं नाव शोधून थांबू नका. आतला स्टोव्ह, फ्रिज, रेग्युलेटर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि रिकॉल त्यांच्या नावावरही निघतो. २००६ मध्ये डोमेटिकने नऊ लाखांहून जास्त फ्रिज आगीच्या धोक्यासाठी परत मागवले होते. ते फ्रिज कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या ट्रेलरांत आणि मोटरहोम्समध्ये बसवलेले होते. स्टोव्हवर, फ्रिजच्या आत आणि वॉटर हीटरच्या झाकणामागे छोट्या पट्ट्या असतात, त्यांचे फोटो एकदाच काढून ठेवा.

सिलिंडर काढेपर्यंत किंवा पुढे कधीही वास आला तर काय करायचं, हे सगळ्यांना, मुलांनाही, आधीच सांगून ठेवा. कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार उघडं टाकायचं. सिलिंडर बाहेरच असतात, जाता जाता सहज जमलं तर त्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे. मग लांब जाऊन, तिथून ९११ ला फोन. फोनही आत असताना लावायचा नाही. पाकीट, पासपोर्ट, चपला, काहीही आणायला कुणी परत आत जायचं नाही. सासूबाईंना हे मराठीतून, सावकाश, पहिल्याच दिवशी सांगा. परक्या देशात, परक्या गाडीत, रात्री अंधारात त्यांना काय करायचं ते माहीत हवं.

दुरुस्तीच्या दिवशी डीलरकडे शक्यतो स्वतः थांबा. काय बदललं ते कागदावर लिहून घ्या, त्यावर रिकॉल क्रमांक आणि तारीख हवी. नुसता तो एक जोड बदलून सोडू नका, सगळ्या गॅसच्या लाइनची दाबचाचणी मागा. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, लावून, गॅस बंद करून, काही मिनिटं दाब तसाच टिकतो का ते बघतात. या चाचणीचे वेगळे पैसे मागितले तरी द्या. पुढे घरी साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे असतील तर अमोनिया किंवा क्लोरीन असलेलं द्रावण वापरू नका, पितळ चिरतं. काडीपेटीने तपासणारा कुणी भेटला तर त्याला ट्रेलरच्या आसपास फिरकू देऊ नका.

आणि आईला फोन करा. तिचं बरोबर होतं, हे तिला तुमच्या तोंडून कळायला हवं. पुढच्या वेळी तिला कसला वास आला तर ती बोलायला कचरणार नाही.

— ताई